काशीचे पेढे

चौऱ्याऐंशी सालच्या जूनमध्ये वाशीच्या कॉलेजात विद्यार्थी सल्ला केंद्र उघडलं आणि ते नंदिनी टिपणीस यांच्या गळ्यात पडलं. वरून पत्र आलं होतं, की मुलांना आपल्या अडचणी बोलता याव्यात म्हणून कॉलेजात एक जागा असावी. प्राचार्यांनी ते पत्र स्टाफरूममध्ये वाचून दाखवलं, चष्म्याच्या वरून सगळ्यांकडे पाहिलं आणि नजर नंदिनीबाईंवर आणून ठेवली. बाई मानसशास्त्र शिकवायच्या, एवढाच काय तो त्यांचा गुन्हा.

जागा मिळाली ती खेळाच्या सामानाची खोली. बाई छत्तीस वर्षांच्या, हुशार आणि तापट. करायचं तर पद्धतशीर करायचं, हा त्यांचा बाणा. त्यांनी खोली दोनदा धुऊन घेतली, तरी हॉकी स्टिकांचा आणि घामट पॅडांचा वास काही हटला नाही. दोन खुर्च्या समोरासमोर न ठेवता जराशा तिरक्या ठेवल्या, कारण पुस्तकात तसं लिहिलं होतं. बरणीत लिमलेटच्या गोळ्या भरल्या. दाराबाहेर लांब बाक टाकला आणि वर निळ्या रंगात पाटी लावली: 'विद्यार्थी सल्ला केंद्र. आपल्या अडचणी मनमोकळेपणाने सांगा.' अक्षरं इतकी ठळक, की समोरचा जिना उतरणाऱ्याला वरच्या मजल्यावरूनच वाचता यावीत.

मग बाई रोज बारा ते एक वाट बघत बसल्या. जून गेला, जुलै निम्मा सरला. गोळ्या विरघळून एकमेकींना चिकटल्या, बरणीला मुंग्या लागल्या, पण अडचण घेऊन कुणी फिरकलं नाही. एक मुलगा आला होता, पण त्याला बॅडमिंटनची फुलं हवी होती.

एक वाजला की शिपाई गोटीराम कुलूप घेऊन यायचा. दिघ्याला राहणारा, पन्नाशीचा, जिभेला हाड नसलेला माणूस.

"काय बाई, आजपन भवानी नाय झाली?"

"गोटीराम, हे दुकान नाही."

"तेच म्हंतो मी. दुकान असतं तर मालकानं कवाच बंद केलं असतं."

बाई फणकाऱ्याने पर्स उचलायच्या. स्टाफरूममध्ये जाऊन म्हणायच्या, "ह्या पोरांना अडचणीच नाहीत की काय? आमच्या वेळी कुणी नुसतं 'काय झालं गं?' विचारलं असतं तरी आम्ही ढसाढसा रडलो असतो." कुणीतरी चहाचा कप पुढे करायचं आणि विषय तिथेच मिटायचा.

श्रावण चार-पाच दिवसांवर आला होता. एकदा तो लागला की टिपणीसांच्या घरात महिनाभर मासळी वर्ज्य, त्यामुळे त्या बुधवारी बाई कॉलेजातून थेट बाजारात गेल्या. त्यांची कोळीण ठरलेली होती. दिवाळ्याची बायजाबाई. वाशीला फ्लॅट घेतल्यापासून चार वर्षं बाई तिच्याशिवाय कुणाच्या पाटीत हात घालत नव्हत्या. जूनमध्ये बायजाबाईने त्यांच्या हातावर पेढा ठेवला होता. "माजी काशी पास झाली बाई, दुसऱ्या वर्गान गेली," असं ती बाजारभर ओरडून सांगत होती. पेढ्याला बोंबलाचा वास होता, पण बाईंनी तो तिच्यासमोर खाल्ला आणि पोरीचं कौतुक केलं. पोरगी कुठल्या कॉलेजात आहे, हे विचारायचं मात्र राहून गेलं.

आज बायजाबाई बोईट साफ करता करता थांबली.

"बाई, काल माना कोन तरी बोल्ला, तुमी वाशीच्या कालेजान शिकवता. चार वरसा माना वाटतंय तुमी बँकेन हाव! आवो, माजी काशी तिथच हाय नं!"

"आमच्या कॉलेजात?"

"आता! काशी मारोती कोली. रोज सकालच्या बसला येते. डबा भरून देते मी. कशी हाय अभ्यासान?"

बाईंच्या डोळ्यांसमोर काशी नावाचा कुठलाच चेहरा येईना. पण समोर आई उभी होती, तीही हातात कोयता घेऊन. "चांगली आहे," त्या म्हणून गेल्या. आणि मग त्यांच्या मनात आलं, की सव्वा महिना रिकाम्या पडलेल्या केंद्रात ह्याच पोरीला का बोलावू नये? ओळखीची निघाली, जरा बोलेल, दोन मैत्रिणींना सांगेल, आणि गोटीरामचं तोंडही बंद होईल.

"तिला सांगा," बाई म्हणाल्या, "टिपणीस मॅडमनी सल्ला केंद्रात भेटायला बोलावलंय. उद्याच."

बायजाबाईला कोण आनंद झाला. तिने पिशवीत मूठभर कोळंबी वरून टाकली.

दुसऱ्या दिवशी एस.वाय.च्या वर्गात जाण्याआधी बाईंनी हजेरीपट उघडला. नाव शोधायला वेळ लागला, कारण त्या पटातली नावं त्या कधी वाचतच नसत. वर्गात एकशे दहा मुलं. नावं घेत बसलं तर तास तिथेच संपेल, म्हणून कॉलेजात नंबर पुकारायची पद्धत होती. नंबर पुकारायचा, 'प्रेझेंट मॅडम' ऐकू आलं की टिंब द्यायचं, नाही आलं की लाल शाईने ए लिहायचा आणि पुढे जायचं. मान वर करायचीही गरज नसे.

नंबर सत्तेचाळीस. कोळी काशी मारोती. तिच्या नावासमोर वीस जूनपासून कालपर्यंत एकही टिंब नव्हतं. ओळीने लाल ए, आणि एकूण एक ए बाईंच्या स्वतःच्या अक्षरातला.

बाईंना आधी राग आला. मग त्या ऑफिसात गेल्या, आणि तिथे त्यांना जे कळलं त्याने राग कुठल्या कुठे गेला. काशी पहिल्या वर्षाला एका विषयात नापास होती, अर्थशास्त्रात. एका विषयात राहिलेल्याला वरच्या वर्गात बसू देतात आणि तो विषय ऑक्टोबरात पुन्हा द्यायचा असतो. पोरं त्याला केटी म्हणतात. पुढच्या वर्षाचे फॉर्म ऑफिस एप्रिलमध्येच सगळ्यांकडून भरून घेत असे, म्हणून काशीचं नाव आपोआप एस.वाय.च्या पटावर चढलं होतं. तिची मार्कशीट मात्र अजून ऑफिसच्या खणातच पडली होती. न्यायला कुणी आलंच नव्हतं.

"केटीच्या फॉर्मची तारीख एकतीस जुलै," क्लार्क म्हणाला. "गैरहजेरीचा खुलासाही तोवरच. त्यानंतर नाव कमी."

म्हणजे पोरगी रोज डबा घेऊन घरातून निघते, कॉलेजात पोचत नाही, आणि आईला वाटतं ती वर्गात बसलेली असते. आणि अशा पोरीला बाईंनी काल तिच्या आईच्याच तोंडून बोलावणं धाडलं होतं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. पोरीला वाटणार, आपण सापडलो. घरी सांगता येईना म्हणून जी पोर पाच आठवडे उन्हापावसात कुठेतरी दिवस काढते, ती आता काय करेल? दिवाळ्याला घरामागेच खाडी आहे, हे बाईंना आठवलं.

त्या दिवशी त्या केंद्रात एक वाजता उठल्या नाहीत. चार वाजेपर्यंत बसल्या. जिन्यावरून पोरं चढली, उतरली, हसली, भांडली. बाकावर कुणी बसलं नाही. बाकाचा बाईंना एकाएकी संताप आला, पण बाकावर रागावून काय होणार?

शुक्रवारी गोटीराम कुलूप घेऊन आला तेव्हा बाईंसमोर प्रवेशाचा एक फॉर्म होता. वर फोटो चिकटवलेला. दोन वेण्या, गळ्यात काळे मणी, नजर कॅमेऱ्याच्या किंचित बाजूला.

"गोटीराम, ही मुलगी काल इथे आली होती का? येऊन परत गेली का?"

गोटीरामने फोटो लांब धरला, मग जवळ धरला.

"कालचं नाय सांगता येत. पन हिला मी वळखतो. ही तर केसपेपरवाली!"

"कोण?"

"आवो, आमच्या मंडळींना शुगर हाय ना. सरकारी दवाखान्यात नेतो मी. तिथं केसपेपरच्या खिडकीपाशी ही बसलेली असते. ज्याला लिवता येत नाय त्याचा कागद भरून देते. कुठल्या खिडकीवर जायचं, कोन डॉक्टर कवा बसतो, सगळं हिला पाठ. मला वाटलं तिथं नोकरीला हाय."

बाईंनी पर्स उचलली. गोटीराम मागून काहीतरी म्हणाला, ते त्यांनी ऐकलंही नाही.

दवाखान्यात गर्दी होती. खिडकीजवळच्या बाकाच्या टोकाला एक मुलगी मांडीवर पुठ्ठा घेऊन बसली होती आणि तिच्यापुढे सात-आठ माणसं उभी होती. जवळ वही आणि डबा. एक आजी पुढे झाली, तिचा कागद झाला. एक कामगार बोटाला फडकं बांधून आला, त्याचा झाला. "ड्रेसिंग तिकडं, हिरव्या दाराशी. तिथं रांग लावू नका, सरल आत जा." आवाज मृदू, पण ऐकणाऱ्याला विश्वास वाटावा असा. लोकांना सतरा खिडक्या दाखवणाऱ्या ह्या पोरीला स्वतःच्या कॉलेजात एका खिडकीवर जाऊन विचारता आलं नाही, हे बाईंना मोठं नवल वाटलं. त्या रांगेत उभ्या राहिल्या. दुसरं काय करावं ते त्यांना सुचत नव्हतं.

नंबर आला. मुलीने मान वर न करता नवा कागद पुठ्ठ्यावर घेतला.

"नाव?"

"नंदिनी टिपणीस."

पेन थांबलं. मान वर झाली नाही. मागे एक माणूस खोकला.

"वय?" आवाज अगदी बारीक झाला होता.

"छत्तीस."

"काय होतंय?"

"रात्रभर झोप नाही. छातीत धडधडतंय. एका मुलीला नकळत घाबरवून ठेवलंय मी. ती धड आहे हे कळेपर्यंत मला बरं वाटायचं नाही."

काशीने पेन पुठ्ठ्यावर ठेवलं. मग म्हणाली, "त्याला खिडकी नाय, मॅडम."

"मग बस माझ्याजवळ."

दोघी बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसल्या. रांगेतली माणसं जरा वेळ थांबली आणि मग आपापली पांगली. काशीने पदराची चुंबळ करावी तशी ओढणी हातात गोळा केली होती.

"मॅडम, मी नापास झाली," ती म्हणाली. "आयला सांगू नका. मी सांगनार हाय. कवा ते माना कलत नाय, पन सांगनार हाय."

मग तिने सगळं सांगितलं. निकालाच्या दिवशी ती बाहेरच्या फळ्यापाशी गेली. यादीत तिचा नंबर नव्हता. दहावीला पेपरात नंबर नसला की नापास, हे तिला ठाऊक होतं, बारावीलाही तसंच. तिने यादी चार वेळा वाचली आणि ती घरी आली. तोवर बायजाबाईने बेलापूरहून पेढे आणले होते. पोर कधी नापास झाली नव्हती, मग निकालाची वाट कशाला बघायची? जिथं मासळी सुकत घालतात तिथं सगळ्या बाया बसल्या होत्या आणि प्रत्येकीच्या तोंडात पेढा होता. शेजारच्या सुंदराबाई आजीने तर काशीच्या गालांवरून हात फिरवून बोटं मोडली. त्या गोड तोंडांसमोर काशीचं तोंड उघडलंच नाही. कॉलेज सुरू झालं, आईने डबा भरला, आणि ती डबा घेऊन निघाली.

"पण दवाखान्यात का?"

"इथं कोन विचारत नाय, का बसलीस. सगलीच बसलेली असतान." ती जराशी हसली. "मग एका आजीला लिवता येईना. तिचा कागद भरला. मग दुसरीचा."

"काल तू आली नाहीस."

"आली होती मॅडम. जिन्यापर्यंत आली. पन तुमचा बाक..." ती अडखळली. "त्या बाकावर बसला की सगल्या कालेजाला दिसतो. वर पाटी. पोरा जिन्यावर उभी होती. मी पाटी वाचली आन् परत फिरली."

सव्वा महिना ज्याचं उत्तर बाई स्टाफरूममध्ये शोधत होत्या ते असं दोन वाक्यांत मिळालं होतं, आणि त्यांना स्वतःची मनापासून लाज वाटली.

"काशी, नीट ऐक," त्या म्हणाल्या. "तू फक्त अर्थशास्त्रात राहिली आहेस. बाकी सगळ्यात पास. एका विषयाला केटी मिळते. वरच्या वर्गात बसायचं आणि तो पेपर ऑक्टोबरात द्यायचा. केटीवाल्यांची यादी दुसऱ्या दिवशी लागली होती, आत ऑफिसच्या फळ्यावर, कारण बाहेरच्या फळ्यावर जागा उरली नव्हती. तुला कुणी सांगितलं नाही, तू विचारलं नाहीस. तू एस.वाय.ला आहेस."

"मी?"

"वीस जूनपासून. नंबर सत्तेचाळीस. रोज तुझा नंबर पुकारला जातो."

"माजा नंबर?" तिचे डोळे मोठे झाले. "कोन पुकारतं?"

"मी. रोज. आणि तू नसतेस, तर मी ए लिहून पुढे जाते. एकदाही मान वर केली नाही मी. तुझी चूक एकदाच झाली, माझी रोज होत होती."

काशीला पुढचं ऐकू गेलं की नाही कोण जाणे. 'रोज माजा नंबर' एवढंच ती पुटपुटली आणि तिला रडू फुटलं. पाच आठवड्यांचं साठलेलं रडू, नाक, डोळे, ओढणी, सगळं एकदम. तेवढ्यात एक म्हातारा कागद नाचवत पुढे आला आणि विचारू लागला, "पोरी, डोल्याचा डाक्टर कुठं?" काशी हुंदका देत म्हणाली, "चार नंबर, बाबा. पन चष्मा घेऊन जा, काल इसरला होता तुमी." म्हातारा गेला, आणि मग दोघींनाही हसू आवरेना. बाईंचा जीव तेव्हा कुठे भांड्यात पडला.

पण काम उरलं होतं. एकतीस तारीख चार दिवसांवर होती. गैरहजेरीचा खुलासा हवा म्हटल्यावर काशी हळूच म्हणाली, "इथले कंपाउंडर वलखीचे हायत. आजारी होती असा कागद देतील. सगलीच पोरा देतान ना तसा?"

"तू आजारी नव्हतीस. घाबरली होतीस," बाई म्हणाल्या. "तेच लिहायचं."

पुठ्ठ्यावर कोरा कागद आला. दुसऱ्यांचे शेकडो कागद भरणारी काशी स्वतःच्या कागदापाशी अडली, 'मा. प्राचार्य यांस' याच्या पुढे पेन सरकेना. मग बाईंनीच विचारायला सुरुवात केली. नाव? वर्ग? काय झालं? आणि काशी एकेक उत्तर लिहीत गेली. यादी आतल्या फळ्यावर होती, हेही बाईंनी लिहायला लावलं.

संध्याकाळी दोघी तो कागद घेऊन प्राचार्यांपुढे उभ्या राहिल्या. त्यांना नेमकं तेच वाक्य टोचलं. "हे यात कशाला?"

"कारण यादी आत लावली होती, सर."

"कॉलेजची चूक कॉलेजच्याच कागदावर?"

"दुसऱ्या कुठल्या कागदावर शोभणार ती?" बाईंचा आवाज चढला. प्राचार्यांना तो आवाज ओळखीचा होता, आणि त्यापुढे जास्त वेळ टिकता येत नाही हेही ठाऊक होतं. त्यांनी कागदाच्या तळाशी लिहिलं: 'माफ करण्यास हरकत नाही. पालकांची सही आणावी.'

पालकांची सही. तिथेच काशीचा चेहरा पुन्हा उतरला. बाप मारोती होडीवर. घरात शब्द चाले तो बायजाबाईचा.

"मी येते तुझ्याबरोबर," बाई म्हणाल्या. "पण मी तोंड उघडणार नाही. सांगायचं तुझं तू. मी चिंबोऱ्या निवडत उभी राहीन."

"चिंबोऱ्या तुमाला निवडता येतान?"

"नाही. म्हणून तर वेळ लागेल."

शनिवारी बाजार फुलला होता. गटारी जवळ आली की वाशीकरांना मासळी अपुरीच पडते. बायजाबाई कोयत्याने सपासप कापत होती. लेकीला बाईंबरोबर बघून तिने शेजारणीला कोपराने ढोसलं, की बघ, माज्या पोरीसंगती मॅडम बाजारान येतान. बाई खाली वाकल्या आणि चिंबोऱ्यांच्या टोपलीकडे बघत राहिल्या. काशी उभीच होती. एक गिऱ्हाईक गेलं, दुसरं गेलं.

"आय," ती म्हणाली, "मी नापास झालती."

कोयता थांबला.

"अर्थशास्त्रान. एकाच विषयान. माना वाटला सगलीच नापास. कालेजान गेलीच नाय मी. दवाखान्यान बसायची. मॅडमनी आनला परत. वर्ग वरचाच हाय, पन यावर तुजी सही पायजे."

हे सगळं तिने एका दमात सांगितलं आणि कागद पुढे धरला. बायजाबाई लेकीकडे बघत होती. बाईंनी चिंबोरीच्या नांग्यात बोट जाऊ नये म्हणून हात मागे घेतला.

"अर्थशास्त्र म्हंजे काय?" बायजाबाईने विचारलं.

"बाजाराचा शास्त्र. भाव कसा चढतो, कसा उतरतो..."

"बाजारान नापास?" बायजाबाईचा आवाज आख्ख्या रांगेत घुमला. "माजी पोर? बाजारान? ज्यानी तुना नापास केला तो कवा पाटी घेऊन बसलाय का बाजारान? आनून दाव माना!"

शेजारणी हसल्या. काशी हसली नाही. खाली बघून म्हणाली, "तू सगल्या गावाला पेढे वाटलंस, आय. माना सांगवत नव्हता."

बायजाबाईने कोयता फळीवर ठेवला. तिचा आवाज आता खाली आला, आणि बाईंनी आयुष्यभर पुस्तकांतून वाचलेलं सगळं एकीकडे आणि तिचं ते बोलणं एकीकडे.

"पेढे?" ती म्हणाली. "अगो येडे, पेढे गावानी त्याच दिसी खाल्ले. कवाच पचले! तू एकटीच ते पोटान घेऊन बसलीस." मग ती एकदम बाईंकडे वळली. "बाई, तुमीपन खाल्लाव ना पेढा? पचला ना?"

"पचला," बाई म्हणाल्या. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं आणि ते पुसायला मासळीचा हात चालणार नव्हता.

बायजाबाईने लुगड्याला हात पुसले, पण नीट पुसले गेले नाहीत. सही करायला तिला काशीनेच शिकवली होती. जीभ दातांत धरून तिने एकेक अक्षर काढलं, आणि सहीच्या शेजारी बोईटाचं एक खवलं चिकटून राहिलं. ते काढावं की राहू द्यावं, यावर दोघी मायलेकींचं तिथेच भांडण झालं. भांडण चालू असतानाच काशी आईच्या मांडीवर डोकं ठेवून बसली, आणि बायजाबाईने एका हाताने तिला थोपटत दुसऱ्या हाताने गिऱ्हाइकाला बोंबलाचा वाटा दाखवला.

सोमवारी ऑफिसातल्या क्लार्कने नाक मुरडून तो कागद घेतला. त्याच दिवशी बाईंनी गोटीरामला बोलावून केंद्राचा बाक जिन्यासमोरून उचलायला लावला आणि बसपासच्या खिडकीजवळ नेऊन ठेवला. तिथे महिन्यातून एकदा सगळ्या कॉलेजला ताटकळत बसावंच लागतं, आणि कोण कशासाठी बसलंय हे कुणी विचारत नाही. पाटी काढली. 'फॉर्म भरायला मदत' एवढाच कागद भिंतीला लावला. मधल्या सुट्टीत पुठ्ठा घेऊन तिथे बसायचं काशीने कबूल केलं. पहिल्याच दिवशी एक मुलगा बसपासचा फॉर्म भरता भरता दहा मिनिटं थांबला, मग बाईंकडे बघून म्हणाला, मॅडम, दुसरंपण एक विचारायचं होतं. गोटीराम लांबून बघत होता. त्याने पिंपातलं गार पाणी तांब्याभर आणून ठेवलं.

आणि त्याआधी, सकाळी, एस.वाय.चा तास होता. बाईंनी पट उघडला. सत्तेचाळीसपाशी आल्यावर त्या थांबल्या. आज मान वर करायची, असं त्यांनी ठरवलं होतं.

"काशी कोळी," त्या म्हणाल्या.

वर्गात कुजबुज झाली, कारण नाव घ्यायची पद्धत नव्हती. खिडकीजवळच्या तिसऱ्या बाकावर दोन वेण्यांची मुलगी उभी राहिली. उभं राहायचीही पद्धत नव्हती.

"हजर, मॅडम."

बाई तिच्याकडे बघून हसल्या आणि खाली बघतात तो हात आपल्या सवयीने लाल शाईचा ए लिहून मोकळा झाला होता. त्यांनी तो खोडला, शेजारी टिंब दिलं आणि खाडाखोडीवर नियमाप्रमाणे आपली सही केली.